बापाची पहाणी

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचा मी एके सकाळी लेखी जबाब घेतला. हे वाचून मी थट्टा करतो आहे असं कुणाला वाटेल. त्या सकाळी मी अजिबात थट्टा करत नव्हतो, हीच खरी अडचण होती.

तेव्हा मी गुडीहत्नूरच्या मंडल कार्यालयात कारकून होतो आणि आदिलाबादला राहत होतो. आंध्रात तालुके मोडून छोटी मंडलं नुकतीच झाली होती. पाटी नवी, टेबलं जुनी, आणि कपाटात निजामाच्या वेळचे शब्द जसेच्या तसे: जबाब, पेशी, मिसल, पहाणी. कारभार तेलुगूत चालायचा. पण सरहद्दीच्या अंगाचे आमचे कापूस-ज्वारीवाले बांधाचं भांडण घेऊन आले की साहेब मला हाक मारायचे. साहेब दूर खालच्या जिल्ह्यातले. त्यांचं मराठी 'बसा'पासून सुरू होऊन 'उद्या या'पाशी संपायचं. मधलं सगळं माझ्याकडे.

जबाब घेण्यात माझा हात बसला होता. माणूस वीस वर्षांचा राग घेऊन यायचा, भावाच्या नावाने बोटं मोडायचा, मधेच रडायचा, आणि मी ते सगळं 'समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की' या सुरुवातीखाली सात ओळींत बसवायचो. वाचून दाखवलं की तो गोंधळून विचारायचा, "हे मीच बोललो का सायेब?" मी म्हणायचो, "लिहायची पद्धत आहे." मग तो अंगठा द्यायचा. याला मी कौशल्य समजत होतो.

तर त्या सकाळी आम्हाला एका गावी कॅम्पला जायचं होतं. थेट तिकडेच जायचं म्हणून आदल्या संध्याकाळी कार्यालयाचा गोल शिक्का माझ्याजवळ दिलेला. सकाळी पाहतो तर शिक्का नाही. सरकारी शिक्का हरवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. कारकून हरवला तर खातं दोन दिवस वाट पाहील. शिक्क्याच्या बाबतीत ते तेवढं सबुरीने घेत नाही.

"आदी आपल्या सामानात पाहा न नीट," बायको म्हणाली. ती तामसीकडची. तिच्या गावात माणसं आधी शोधतात आणि मग ओरडतात.

"पाहिलं," मी म्हणालो. पाहिलं नव्हतं.

मुलीवर संशय घ्यायला माझ्याकडे आधार होता. पूर्वी एकदा तिने भूगोलाच्या वहीवर माझ्या जुन्या तालुका कचेरीचा शिक्का मारून आंध्र प्रदेशाचा नकाशा प्रमाणित केला होता. मी तिला समोर उभं केलं. ती म्हणाली, मी घेतला नाही. मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मग माझ्या हाताने सवयीने कोरा कागद ओढला आणि मी लिहिलं: 'समक्ष विचारल्यावरून लिहून देते की, शिक्का मी घेतलेला नाही. घेतला असल्यास परत करीन.'

तिने वाचलं. "घेतलाच नाई तं परत काऊन करू?"

"लिहायची पद्धत आहे."

"पण हे दुसरं वाक्य माहं नाई."

"सही कर. बस निघून जाईल."

तिने सही केली. साक्षीदार दोन असावेत असा माझा नेहमीचा आग्रह. शेजारच्या मावशी साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी हौसेने नाव लिहिलं. बायकोपुढे कागद धरला तर ती म्हणाली, "माह्या पोरीच्या विरोधात मी सही करू? डोकं ठिकाणावर हाये का तुमचं?" त्यामुळे तो जबाब एकाच साक्षीदाराचा राहिला, म्हणजे कच्चा. याची मला त्या घाईतही रुखरुख लागली, हे आता लिहिताना मनाला लागतं.

दुपारी गावात ऊन फार झालं म्हणून साहेबांच्या डोक्यावर धरायला मी छत्री उघडली. शिक्का घडीतून निघून त्यांच्या बुटावर पडला. सुरक्षित राहावा म्हणून आदल्या संध्याकाळी मीच तो छत्रीत ठेवला होता.

घरी आल्यावर मी "शिक्का सापडला" असं जाहीर केलं, अवघड प्रकरणाचा छडा लावल्यासारखं.

"कुठं?" बायकोने विचारलं.

"छत्रीत."

"छत्रीत कोणं ठेवला?"

मी पाय धुवायला गेलो. आमच्याकडे बाप लोक चूक झाली असं म्हणत नाहीत, मिठाई आणतात. दुसऱ्या दिवशी मी पाव किलो बालूशाही आणली. मुलीने एक खाल्ली, पोच दिल्यासारखी, आणि पुडा बंद करून आईकडे दिला.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली, असं म्हणता येणार नाही. विचारलं की उत्तर द्यायची. 'शाळेत काय झालं?' 'शाळा झाली.' 'जेवलीस का?' 'होय.' 'भाजी कशी होती?' 'वांग्याची होती.' ना राग, ना फुगणं. विचारलं तेवढं, एक अक्षर जास्त नाही. वकिलाने शिकवून आणलेला साक्षीदार असाच बोलतो, आणि अशा साक्षीदारापुढे कुणाचं काही चालत नाही हे मला धंद्याने माहीत होतं. याआधी ती मी चपला काढायच्या आत बोलायला सुरू करायची आणि ताट वाढेपर्यंत थांबायची नाही. घर एकदम शांत झालं. मला वाटलं होतं की शांत घर मला आवडतं.

याच सुमारास आमच्या नोकरदार मराठी मंडळींनी सुजाण पालकत्वावर व्याख्यान ठेवलं. वक्ते सरहद्दीपलीकडून आले होते. शाल झाली, नारळ झाला, परिचय झाला, परिचय देणाऱ्याचाही परिचय झाला. मुलांचं बोलणं मधे न तोडता ऐकावं, या विषयावर वक्ते दीड तास बोलले. पुढच्या सतरंजीवर बसवलेल्या मुलांना तेवढ्या वेळात सूत्रसंचालकांनी तीनदा गप्प केलं. शेवटी वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत असं सांगून आभार मानण्यात आले.

मी अशा ठिकाणी पोह्यांसाठी जातो. पण त्या दीड तासातलं एक वाक्य घरापर्यंत आलं: बापाने रोज पाव तास स्वतःकडे पाहावं. एरवी मी ते हसून सोडून दिलं असतं. पण बालूशाही फसली होती आणि माझ्याजवळ दुसरा इलाज नव्हता.

मी एक डायरी घेतली. वेळ ठरवली संध्याकाळच्या बसची. गुडीहत्नूर ते आदिलाबाद अर्ध्या तासाचा रस्ता, खिडकीबाहेर रोजचेच ट्रक, शेजारी रोजचाच झोपलेला मास्तर. करण्यासारखं दुसरं काही नसणं ही आत्मपरीक्षणाला फार सोयीची गोष्ट आहे. पहिल्या दिवशी मी दोन पानं लिहिली आणि ती वाचून माझ्याबद्दल मला आदर वाटला. दुसऱ्या आठवड्यात रकाने पाडले. वाणी: संयमित. वर्तन: समाधानकारक. मुलगी: पूर्ववत. तिसऱ्या आठवड्यात हे लिहायला दोन मिनिटं पुरू लागली, आणि उरलेल्या रस्त्यात मीही मास्तरांसारखा झोपू लागलो. साहेब लोक आमचा गोपनीय अहवाल लिहायचे, तसा मी माझा लिहीत होतो, फक्त जास्त उदारपणे. घरात मात्र 'शाळा झाली'च्या पुढे गाडी सरकत नव्हती. मी विचार केला, सवय मुरायला वेळ लागतो.

मग पहाणीचं प्रकरण झालं.

पहाणी म्हणजे कोणत्या सर्व्हे नंबरात कुणाचा कब्जा आणि काय पीक, याचं दरसालचं दप्तर. ते वावरात उभं राहून लिहायचं असतं. प्रत्यक्षात ते गावाबाहेरच्या हॉटेलात चहा पीत लिहिलं जायचं, आणि तेही लिहिलं कसलं, मागचं पान समोर ठेवून उतरवलं जायचं. आमचे साहेब तरुण होते, खात्यात नवे. त्यांनी एक दिवस दप्तर काखेत मारलं, मला दुभाष्या म्हणून बरोबर घेतलं आणि एका वावराच्या बांधावर जाऊन उभे राहिले. दप्तरात ज्वारी होती. समोर कंबरेएवढी कापसाची पऱ्हाटी उभी, बोंडं फुटायला आलेली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वावराच्या म्हाताऱ्या मालकाला विचारलं, "ज्वारी कुठे आहे बुवा?"

"ज्वारी?" म्हातारा म्हणाला. "ज्वारी माह्या बापाच्या वक्ताले होती सायेब. बाप जाऊन चार सालं झाले. तुमचा मानूस त्या हाटेलात बसते, च्या पिते, अन् तिथूनच माहं वावर पायते."

"तिथून दिसतं का?"

"तेच तं मी इचारून राह्यलो तुमाले."

साहेबांना तेलुगूत काय सांगायचं हा प्रश्न होता, कारण त्या पानावरचं अक्षर माझं होतं. पहाणी लिहिणारा गावचा माणूस रजेवर होता तेव्हा नक्कल मीच केली होती, कार्यालयात, पंख्याखाली. पीक: गेल्या सालाप्रमाणे. मी साहेबांना म्हणालो, "सर, ही लिहायची पद्धत आहे."

म्हातारा मराठी माणूस, त्याला माझं तेलुगू समजलं नाही. मला मात्र चांगलं समजलं.

परतीच्या बसमध्ये मी डायरी उघडली. 'मुलगी: पूर्ववत' हे मी अठरा दिवस लिहिलं होतं, एकाच अक्षरात, एकाच तिरकेपणाने. पोर माझ्याशी बोलत नव्हती आणि दप्तरात सगळं पूर्ववत होतं. बसच्या बाकावर बसून मी माझ्या घराची पहाणी केली होती. तिथून ते दिसत नव्हतं. त्या दिवशी रकाना कोरा सोडला.

रविवारी सकाळी आंघोळी आटोपल्यावर मी मुलीला ओट्यावर बोलावलं. बायको दारात सूप घेऊन डाळ निवडत बसली होती.

"त्या शिक्क्याबद्दल बोलायचं होतं," मी म्हणालो.

"लिहून घेता का?" तिने शांतपणे विचारलं.

"मी नाही. तू लिहून घे. माझा जबाब घे."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईने डाळीतून डोकं वर काढलं नाही, पण सुपाचा आवाज थांबला. मुलगी आत जाऊन रफ वही घेऊन आली आणि मांडी घालून बसली.

"नाव?"

मी सांगितलं.

"वय? धंदा?"

तेही सांगितलं. तिने माझ्याच पद्धतीने समास सोडून लिहिलं.

"शिक्का कोणं हरवला?"

"तसा तो हरवला नव्हताच, त्याचं असं झालं की..."

"इचारलं तेवढंच सांगा."

सूप हलायला लागलं. बायको हसत होती.

"छत्रीत कोणं ठेवला?"

"मी."

"मंग माह्यावर आळ काऊन घेतला?"

"तू मागे भूगोलाच्या वहीवर शिक्का मारला होतास म्हणून."

"तवा मी तिसरीत होती."

"हो."

"आता कितवीत हावो?"

"सातवीत." माझ्याकडे तिचंही चार सालांमागचं पान होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी ते बोललो नाही. विचारलं नव्हतं.

"सापडल्यावर मले काय म्हणाले?"

"सापडला म्हणालो. मग बालूशाही..."

"बालूशाहीचं इचारलं नाई. माही चूक झाली, असं म्हणाले का?"

"नाही."

"काऊन?"

साहेबांपुढे, जिल्ह्याच्या तपासणीत, कुठेही माझ्याजवळ अशा प्रश्नाला तीन उत्तरं तयार असायची. ओट्यावर ती चालणार नव्हती. ती पेन्सिल धरून थांबली. मी लोकांना कधी एवढा वेळ दिला नव्हता.

"लाज वाटली," मी म्हणालो.

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं: "लाज वाटली." माझे दोनच शब्द, एकही वाढवला नव्हता. मग म्हणाली, "माहा कागद कुठं हाये?"

तिचा जबाब मी जपून ठेवला होता. कागद फाडायचा नाही हे आमच्या रक्तातच. मी पेटीतून काढून आणला. तिने दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे खोडा."

मी खोडलं. दप्तरात खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते. ते मी सांगायच्या आत तिने बोट समासात नेलं. मी सही केली. मग बायकोने हात पुसले, कागद घेतला, आणि महिनाभरापूर्वी रिकामी राहिलेली साक्षीदाराची जागा भरली. मुलगी उठून खेळायला गेली.

इथे बाप-लेकीचं सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. सोमवारी मी विचारलं, "शाळेत काय झालं?"

"शाळा झाली."

म्हणून पुढच्या रविवारी मी पुन्हा ओट्यावर बसलो, आणि त्याच्या पुढच्याही. पेशी, म्हणजे माझी सुनावणी, पाव तासाची. विचारायचं तिने, मी फक्त उत्तर द्यायचं, 'पण' हा शब्द वापरायचा नाही. बुधवारी आईवर का ओरडलात? भाजीत मीठ जास्त होतं. ते मीठ आईनं नाई, मी टाकलं होतं, माह्यावर काऊन नाई ओरडले? मला माहीत नव्हतं. इचारलं होतं का? नव्हतं. तिसऱ्या रविवारी बायको म्हणाली, "माहे बी दोन सवाल हाएत," आणि ते दोन सवाल पाव तासात बसणारे नव्हते. एकदा मी उत्तर दिलं की या आठवड्यात माझ्याकडून काही चूक झाल्याचं आठवत नाही. मुलगी आईला म्हणाली, "हाटेलातून लिवून राह्यले." पहाणीची गोष्ट मी घरात सांगितली होती, ती चूकच झाली.

डायरी मी सोडली नाही. पण रविवारी उलटतपासणी आहे हे माहीत असलं की बसमध्ये झोप येत नाही. दिवसभरात कुणाशी काय बोललो ते आपोआप आठवू लागलं, आणि बहुतेक वेळा ते बसल्या जागी हसू येण्यासारखं निघायचं. सकाळी आठ वाजता मी पोरीला 'तुझ्या वयाचा असताना मी' असं काहीतरी ऐकवलेलं असायचं. तिच्या वयाचा असताना मी काय दिवे लावले होते ते संध्याकाळी साडेपाचला आठवायचं. रकान्यांची गरज राहिली नाही. एक ओळ पुरायची, आणि ती आदल्या दिवसासारखी असली तर खोडून नवी लिहायची एवढा एकच नियम केला.

ही सवय बरीच वर्षं टिकली. इंद्रवेल्लीला बदली झाली तेव्हा मी आठवड्याने घरी यायचो, तरी रविवारची पेशी चुकली नाही. यातून मी आदर्श बाप झालो, असा कुणाचा समज होऊ नये. ओरडणं कमी झालं ते निम्म्याने. उरलेल्या निम्म्यासाठी पेशी होतीच.

पण मी पहिल्याच वर्षाचं सांगत होतो. सहामाही परीक्षा झाल्या होत्या. मुलगी मराठी शाळेत, तेलुगू एक विषय म्हणून. एका संध्याकाळी मी घरी आलो तर ती ओट्यावर बसलेली. वार शुक्रवार, म्हणजे पेशी नव्हती. मी काही विचारलं नव्हतं.

"बाबा, तेलुगूत मले पन्नासपैकी अकरा मिळाले."

माझं तोंड उघडलं. आत तीन वाक्यं रांगेत उभी होती, आणि तिन्हींची सुरुवात 'तुझ्या वयाचा असताना'ने होत होती. मी तोंड मिटलं. बायको दारात चहा घेऊन उभी होती. तिने माझं मिटलेलं तोंड पाहिलं आणि कप हळूच खाली ठेवून ती आत गेली.

"मंग?" मी एवढंच म्हणालो.

"मंग काय! तुमी आदी ऐका तं खरं." आणि तिने सुरुवात केली. सुरुवात तेलुगूपासून नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात शिरलेल्या एका बकरीपासून होती. बकरीनंतर शेजारच्या बाकावरची मैत्रीण आली, तिच्या मामाचं लग्न आलं, त्या लग्नात हरवलेली एक पाटली आली. मधे तिने बाईंची नक्कल केली, मामाच्या घोड्याची केली. बकरीने नेमकं काय खाल्लं हे तिने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. सात ओळींत बसवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. चहावर साय धरली. मी पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

मधेच ती थांबली. "ऐकून राह्यले न?"

"ऐकून राह्यलो."

"मंग पुढं काय झालं, असं इचारा न."

"पुढं काय झालं?" मी विचारलं.